दोन विती वर

४ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. गोड बातमी आधी सांगतो. कडू शेवटी ठेवलंय, म्हणजे पत्र पुरं वाचशील.

आपल्या गल्लीनं तुझा जाहीर सत्कार करायचं ठरवलंय. मार्चचा शेवटचा रविवार, नगर सभागृह, सत्कारानंतर नाटक. तुझ्या कामाला पंचवीस वर्षं झाली, ती इथल्या लोकांनी लक्षात ठेवली. तू ठेवली नसशील. समितीच्या अध्यक्षबाईंनी मला खास बोलावून घेतलं आणि फलकाचं काम माझ्यावर टाकलं. रंगाऱ्याकडे देऊनही टाकला. वर मोठ्या अक्षरांत: ‘हृदयाचे किमयागार’. खाली: ‘आपल्या गल्लीचे भूषण’.

आता तू कपाळाला आठी घालशील. मला इथून दिसतेय.

पण आठव जरा. तुझ्या लग्नाच्या बोलण्यात तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, ‘‘मुलगा कशाचा डॉक्टर?’’ समोर बायका बसलेल्या, सगळ्यांच्या हातात चहाचे कप. खरं सांगितलं असतं तर कप तिथंच ठेवून मंडळी उठली असती. मी म्हटलं, हृदयाचा. मी खोटं नाही बोललो रे. दोन विती वर बोललो, इतकंच. आमच्या बॅगांच्या धंद्यात चार बोटं इकडेतिकडे झाली तर गिऱ्हाईक चालवून घेतं. माणूस बॅगेपेक्षा मोठा, त्याला दोन विती सूट.

आणि कोणाचं नुकसान झालं का? आपला न्हावी, घड्याळजी, हेडमास्तर, सगळ्यांना तुझ्याकडे मीच धाडलं; म्हटलं, पुढं तू तुझ्या इस्पितळातल्या हृदयवाल्याकडे पोचवशील. प्रत्येकाच्या हातात माझी चिठ्ठी: ‘हृदयाची तक्रार. आपला माणूस आहे, जपून पाहणे.’ सगळे हसत परत आले. न्हावी पूर्वी एक गाल झाला की गिऱ्हाईक तसंच सोडून मागच्या बाजूला पळायचा. आता दोन्ही गाल एका बैठकीत करतो. हृदय ठणठणीत असलं की माणूस कसा स्थिर होतो बघ.

तेव्हा सत्काराला ये, हार घाल, हस. खोलात शिरू नकोस.

आता कडू. माझं एक गिऱ्हाईक आहे. वय माझ्याएवढंच. तुझ्या खात्यातली काहीतरी अडचण आहे म्हणतो. धार बारीक झालीय. ऑपरेशन नको म्हणतो. एखादी बाटली पाठवून दे, मी पोचवीन.

तुझा,
दादा


१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. आठी घातली. अजून उतरलेली नाही, घरात सगळे कारण विचारताहेत.

सत्कार नको असं नाही. पण त्या फलकाखाली मी बसणार नाही.

मी शिकून आलो तेव्हा आमच्या थोरल्या सर्जनसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, ‘‘सर्जरी म्हणजे डोकं, छाती आणि पोट. त्याच्या खाली ती गटारसफाई.’’ आणि धोबीखान्याला लागून खोली दिली. पेशंट वाफेतून चाचपडत यायचे. सोबत आणलेली दुर्बीण म्हणजे पेन्सिलीसारखी एक नळी, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. ऐन मोक्याला तो दिवा जायचा आणि मी आत, अंधारात, देवाचं नाव घेत उभा. हात बसावा म्हणून घरी साबणाच्या वड्या पाण्यात बुडवून त्यांना बोगदे पाडत बसायचो. तुझी धाकटी भावजय अजून सांगते, लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही भोकांच्या साबणानं आंघोळ केली.

जगात हे काम सुरू झालं होतं. आपल्याकडे न कापता प्रोस्टेट काढता येते हे कोणी मानायलाच तयार नव्हतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या वाटेभोवतीची गाठ. वय झालं की ती फुगते आणि वाट आवळते. मी मोकळा केलेला पहिला माणूस टपालवाला होता. शुद्धीवर होता, सगळं पाहत होता, तरी नंतर पोट चाचपून टाके शोधत बसला. ‘‘डॉक्टर, कापलंच नाहीत, तर मी बरा कसा झालो?’’ मी म्हटलं, तुम्ही पत्र टाकायला दार तोडता का? फट असतेच की.

ती खोली आता सबंध मजला झालीय. धोबीखाना हलला, मी नाही हललो.

आणि त्या नळीसाठी पेटी कोणी शिवून दिली होती? तू. आत काय ठेवणार ते विचारलंही नाहीस. लांबी विचारलीस, वीत टाकलीस, आणि आतून निळी मखमल लावलीस. रस्त्यात लोक मला ‘‘आज कुठं कार्यक्रम?’’ म्हणायचे, बासरीवाला समजायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जगाला माझ्या कामाची लाज वाटली, तीही सोसली. तुला वाटते, ते मात्र अजून टोचतं.

न्हावी, घड्याळजी आणि हेडमास्तर बरे होऊन आले हे खरं. त्यापुढे मला काही विचारू नकोस. पेशंटचं मी त्याच्या बायकोलाही सांगत नाही.

गिऱ्हाइकाला विचार: नाटकाला गेल्यावर दाराजवळची खुर्ची धरतो का? बाहेर पडायचं म्हटलं की पाणी बंद करतो का? उभा राहिल्यावर गाडी सुटायला वेळ लागतो का? बाटली पाठवणार नाही. न बघता औषध देणं म्हणजे माप न घेता बॅग शिवणं.

तुझा,
धाकटा


२१ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. गिऱ्हाइकाला विचारलं.

दाराजवळची खुर्ची धरतो, पण ती वाऱ्यासाठी. पाणी कमी पितो, पण वय झालं की तहान कमी होतेच. गाडी सुटायला वेळ लागतो, हे मात्र खरं. आम्ही तर कधीकधी नळ सोडून त्याच्या आवाजावर उभे राहतो, म्हणजे असं तो सांगत होता. धार पूर्वी कुंपणापलीकडे जायची, आता बुटावर येते. बुटाचं मला काही नाही. म्हणजे त्याला काही नाही.

एवढ्यावरून औषध द्यायला काय हरकत आहे? माणूस सज्जन आहे, धंद्यात नाव आहे, चारचौघांत ऊठबस आहे. त्याला तुझ्या मजल्यावर कोणी पाहिलं तर?

आता तुझ्या टोचण्याबद्दल. मला लाज वाटते हे कोणी सांगितलं तुला? एका सुईवर मी तुला शिकवलं ते लाज वाटायला? पण अध्यक्षबाई भाषणात म्हणतील तरी काय, याचा तू विचार कर. हृदयावर कविता होतात. तुझ्या अवयवावर कोणी दोन ओळी करून दाखवाव्यात. हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की बायका डोळे पुसतात. तुझं काम सांगितलं की पुरुष पाय जुळवून बसतात. भरल्या सभागृहात सगळे पाय जुळवून बसलेले बरे दिसतील का?

आणि गल्लीला इतकी वर्षं मी जे सांगितलं, त्याचं काय? उद्या न्हावी म्हणेल, दादा, तुम्ही मला हृदयासाठी कोणाकडे पाठवलंत? माझ्या शब्दावर माणसं बॅग न उघडता विकत घेतात. तो शब्द घालवू?

फलक झाला आहे. अक्षर सुरेख आलंय. ये.

तुझा,
दादा

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली चार ओळी लिहितेय. ते गिऱ्हाईक माझ्याच ताटाशेजारी जेवतं. म्हणजे जेवत होतं. हल्ली घास चिवडून उठतं. पायांवर सूज आहे. विचारलं तर म्हणतात, बूट आखडले. चहा सोडलाय, आणि चहा सोडणारा हा माणूस नव्हे. परवा सभागृह बघून आले. मला वाटलं फुलांचं बघायला गेले. व्यासपीठापासून स्वच्छतागृह किती विती ते मोजून आले होते. तुमचंच ऐकतील तर ऐकतील. मी लिहिल्याचं बोलू नका. — वहिनी


२८ जानेवारी

दादा,

नमस्कार. खालचा मजकूर त्या गिऱ्हाइकाला शब्दन् शब्द वाचून दाखव. आरशासमोर उभा राहून वाचलास तरी चालेल.

गिऱ्हाईकदादा, वाट अडली की पाणी मागं तुंबतं. आधी पिशवी ताणते, मग वर मूत्रपिंडांवर भार येतो. मग अन्नावरची वासना जाते. पायांवर सूज येते. बूट आखडत नाहीत, पाय वाढतात. आणि एक दिवस वाट पुरती बंद होते. तो दिवस मुहूर्त बघून येत नाही. दुकानात येईल, व्यासपीठावर येईल. वाट मी मोकळी करू शकतो, हजारोंची केलीय. पण मूत्रपिंडं एकदा कामातून गेली की मी काय, कोणीच काही करू शकणार नाही. पाणी कमी पिऊन ही गोष्ट लपत नाही. ती फक्त तुमच्यापुरती लपते.

दादा, आता तुझ्याशी बोलतो. फलकावर तुला हवं ते लिही. हृदय लिही, मेंदू लिही, दोन्ही लिही. मी त्याखाली गप्प बसेन, हसेन, कोणी छाती तपासायला सांगितली तर तीही तपासेन. पुन्हा एका अक्षरानं तक्रार करणार नाही. बदल्यात एकच: ते गिऱ्हाईक सत्काराच्या आधी माझ्याकडे पाठव.

मला हार नको. मला तो माणूस हवाय.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमच्या पत्रानंतर ह्यांनी उत्तर का लिहिलं नाही ते तुम्ही ओळखलंच असेल. लिहायला बसायचे, फाडायचे. मग म्हणायचे, सत्कार होऊ दे, मग बघू. शेवटी काल जे व्हायचं ते झालं.

समितीची माणसं सभागृहात खुर्च्या मांडून बघायला गेली होती. मीही होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, दादा, तुम्ही मधल्या मोठ्या खुर्चीत बसून दाखवा. हे बसले. थोड्या वेळानं उठले, आत गेले, तसेच परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. कपाळ घामानं डबडबलेलं. मी विचारलं, काय होतंय? अध्यक्षबाईंकडे बघत छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘हृदयात कळ आलीय.’’ आणि वाकले मात्र पोट धरून.

एवढ्यात न्हावी पुढं झाला. तो म्हणाला, ‘‘दादा, हात खाली घ्या. कुठं कळ येते ते मला माहितीय.’’

घड्याळजी म्हणाला, ‘‘पाणी देऊ नका कोणी! आधी नळी घालावी लागते. मला घातली होती.’’

न्हावी त्याच्याकडे वळला. ‘‘तुम्हीपण? तुम्ही तर हृदयासाठी गेला होतात!’’

‘‘तुम्ही कशासाठी गेला होतात?’’

‘‘हृदयासाठीच!’’

मागून हेडमास्तर आले, आपली छडी टेकत. ‘‘कुजबुज बंद. गाडी बोलवा. मीही तिथंच जाऊन आलोय.’’

न्हावी म्हणाला, ‘‘सर, तुमचंपण ते हृदय नव्हतं?’’

‘‘मला हृदय आहे असं तुला कधी वाटलं होतं?’’

‘‘शाळेत असताना तरी नव्हतं, सर.’’

मग कळलं ते असं, भाऊजी. ज्याला ज्याला तसला त्रास, तो तो ह्यांच्या दुकानात येऊन नुसता घुटमळायचा. हे विचारायचे, काय रे, हृदय का? तो मान हलवायचा आणि चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे. प्रत्येकाला वाटायचं, दादांना सगळं ठाऊक आहे, आपली अब्रू राखायला त्यांनी हा सभ्य शब्द काढलाय. न्हावी तर म्हणाला, ‘‘असा मोठ्या मनाचा दुसरा माणूस नाही.’’ गल्लीतला घरटी एकेक पुरुष तुमच्याकडे जाऊन आलाय, आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच.

हे सगळं ह्यांच्या डोक्यावरून चाललेलं, आणि हे कण्हत ऐकताहेत. समोरच्या दुकानात कोणी पुटपुटलं तरी ज्याला ऐकू जातं असा माणूस! इतकी वर्षं एवढं मात्र ऐकू आलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी नळी घालून सुटका केली. पहिला शब्द ‘‘अहाहा!’’ आणि दुसरा, ‘‘कोणाला बोलू नका.’’ बाहेर अख्खी गल्ली उभी होती.

डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडांवर ताण आलाय, आता थांबू नका. उद्या सकाळच्या गाडीनं न्हावी ह्यांना घेऊन निघतोय. त्याला तुमच्या इस्पितळाचे जिने तोंडपाठ आहेत. माझं माणूस तुमच्या हाती देतेय, भाऊजी.

— वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. आधी हवं ते सांगतो. काल ऑपरेशन झालं, नीट झालं. नळीनं वाट मोकळी ठेवली तेव्हापासून मूत्रपिंडं सावरताहेत. रक्तात साठलेल्या घाणीचे आकडे रोज उतरताहेत. अजून थोडा उशीर झाला असता तर हे पत्र मला वेगळं लिहावं लागलं असतं. ते लिहावं लागलं नाही, एवढंच आज मला पुष्कळ आहे.

आता बाकीचं. आमच्यात संकेत असा की रक्ताच्या नात्यावर आपण हात चालवू नये. माझा साहाय्यक तयार उभा होता. हाताचा तो माझ्यापेक्षा हलका आहे. पण दादा टेबलावरून म्हणाला, ‘‘भावानं पाहिलं तर घरातलं घरात राहील. परक्याला कशाला?’’ मी म्हटलं, दादा, इथं सहा माणसं आहेत. तर म्हणतो, ‘‘ती तोंड बांधून आहेत.’’

कमरेखाली बधिर केलं होतं, जीभ शाबूत होती. मी पेटी उघडायला सांगितली. तीच, निळ्या मखमलीची. आत नळी आता नवी असते, दिवाही जात नाही, पण पेटी मी बदललेली नाही. परिचारिकेनं ती दादाच्या डोळ्यांसमोरून नेली. त्यानं ओळखली. ‘‘ही माझी पेटी!’’ मग आतली वस्तू बाहेर निघाली. दादानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

‘‘धाकट्या, ही यात ठेवायचास?’’

‘‘हो.’’

‘‘आणि ही जाते कुठं?’’

मी सांगितलं.

दादानं हात लांबवून रिकाम्या पेटीतली मखमल चाचपली. मग म्हणाला, ‘‘गाढवा, मखमल पेटीला लावून घेतलीस. या वस्तूला लावून घ्यायला काय झालं होतं?’’

माझी सहा माणसं तोंड बांधूनही हसली. वहिनी, मला हात थांबवून भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. हसू आवरायला, आणि दुसरंही एक काहीतरी आवरायला. मग तासभर काम केलं. साबणाच्या वड्यांनंतर कुठल्याच बोगद्याची मला इतकी धास्ती वाटली नव्हती.

आज तो उशीला टेकून बसलाय. शेजारच्या खाटेवरच्या नव्या पेशंटला, एका बिचाऱ्या कारकुनाला, माझ्या वतीनं धीर देतोय: ‘‘काही नाही हो, टपालवाल्यासारखं असतं.’’ आणि पाणी पितोय. भांडंच्या भांडं.

आठवड्याभरात पाठवतो.

तुमचा,
धाकटा


३० मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद. काल तू आला नाहीस. सकाळीच कोणाची तरी वाट बंद झाली म्हणून तुझी तार आली. अध्यक्षबाई हिरमुसल्या. मी म्हटलं, बाई, एखाद्याची अडते तेव्हा काय होतं ते मला विचारा. सत्कार थांबू शकतो. मग तुझा हार मीच घातला. मला शोभलाही.

फलकाचं सांगतो. रंगाऱ्याकडे गेलो. म्हटलं, ‘हृदयाचे किमयागार’ पुस, आणि खाली लिही: ‘मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक’. तो म्हणाला, किती खाली? मी वीत टाकून दाखवली. एक. दोन. इथं.

भाषण मीच केलं. माफी वगैरे मागितली नाही. उगाच सवय लागते. म्हटलं, माझ्या भावानं साबणावर हात बसवला आणि वाफेच्या खोलीत पंचवीस वर्षांपूर्वी अशी गोष्ट सुरू केली की माणूस टाके शोधत बसतो. तो गल्लीचं भूषण आहे, पण गल्लीचा जो भाग तो सांभाळतो त्याचं नाव घ्यायला आपण लाजतो. म्हटलं, माझ्या चिठ्ठीवर जे जे हृदयासाठी गेले होते, त्यांनी उभं राहावं.

कोणी हललं नाही. सगळे पाय जुळवून बसले, अगदी मी म्हटलं होतं तसे. मग हेडमास्तर छडी टेकून उठले. ते उठले म्हटल्यावर वर्गच उठला. न्हावी, घड्याळजी, मागच्या दोन रांगा. शेवटी अध्यक्षबाईंचे यजमान उठले, आणि बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं! म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही तर मासे पकडायला गेला होतात!’’ टाळ्या थांबेनात. बायकांनी डोळे पुसले, धाकट्या. हसून पुसले, पण पुसले.

एक पंचाईत मात्र झालीय. आज सकाळी दूधवाला छातीवर हात ठेवून दुकानात आला, हृदयात कळ आली म्हणाला. न्हाव्यानं डोळा मिचकावून विचारलं, ‘‘धार कशी आहे?’’ बिचाऱ्याचं खरंच हृदय होतं. वेळेवर हृदयाच्या डॉक्टरकडे पोचवला, ठीक आहे आता. पण पुढं काय करावं? चिठ्ठीत आता ‘खरोखरचं हृदय’ असं लिहायला लागलोय.

तुझी मखमलीची पेटी कोपऱ्यांत उसवलीय, मी झोपल्या झोपल्या पाहिलं. पाठवून दे. शिवून देईन. आत काय ठेवतात ते आता माहीत आहे, तेव्हा मखमल दुहेरी लावतो.

सत्कारानंतर नाटक होतं. न्हाव्यानं माझ्यासाठी दाराजवळची खुर्ची धरून ठेवली होती. मी ती हेडमास्तरांना दिली आणि मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत जाऊन बसलो. डावीकडून निघायचं तर अकरा गुडघे, उजवीकडूनही तेवढेच. तुझ्या वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो रिकामा केला. मग तीन अंक बसून काढले.

नाटक फारच रटाळ होतं, धाकट्या. पण उठून जायला मला आता काही कारणच उरलेलं नाही.

तुझा,
दादा